खोक्यांच्या कारखान्यातले चाचा

रोह्याच्या आमच्या खोक्यांच्या कारखान्याचे मालक, आम्हा सगळ्या बायकांचे चाचा, कुणाचाही अस्सल कागद स्वतःकडे ठेवत नसत. नवी बाई कामाला लागली की तिच्या आधार कार्डाची झेरॉक्स काढायची आणि कार्ड तिथल्या तिथं परत. एखादी म्हणायची, राहू दे, उद्या नेते. चाचा उठून दारापर्यंत जात आणि कार्ड तिच्या हातात देत. "आपला कागद मालकाकडं ठेवू नये गो," एवढंच म्हणत.

त्यांची दुसरी सवय म्हणजे कामगारांसाठी कुठलाही नवा नियम आला की सकाळच्या चहाला तो आम्हाला समजावून सांगायचा. धंद्यात भागीदार असलेले त्यांचे धाकटे भाऊ वैतागत. बायकांना ठाऊक नसलेलं आपण होऊन कशाला सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. चाचा म्हणत, "कळणारच हाय. मग माझ्याकडनं कळूदे."

अशाच एका चहाला त्यांनी सांगितलं की बाळंतपणाची पगारी रजा तीन महिन्यांवरून सहा महिन्यांवर गेली. बायका माझ्याकडे बघून हसायला लागल्या. मी पोटुशी होते. जिते गावाहून रेल्वेनं रोज येत होते. नवऱ्याचं धरमतरच्या जेट्टीवरचं काम नुकतंच सुटलं होतं आणि घर माझ्या पगारावर चाललं होतं.

त्याच दुपारी धाकट्या शेठनी आमच्यादेखतच चाचांना तोडगा सुचवला. मला आणि आणखी काही जणींना आताच घरी बसवायचं. माणसं दहाच्या आत आली की कायदा लागू होत नाही. खळ लावता लावता माझा हात थांबला.

"गल्फला कामाला होतो तेव्हा माझा पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता," चाचा भावाला म्हणाले. "अम्मी गेली तेव्हा त्यानं तो दिला नाय. तिच्या मातीला तू होतास, मी नव्हतो. तिथं माझ्या बाजूनं कुणी नव्हतं. हिच्या बाजूनं कायदा हाय, त्याला मी आडवा येऊ?"

महिन्याभरात भाऊ भागीदारीतून बाहेर पडले आणि पेणला त्यांनी आपलं दुकान थाटलं. त्यांचा वाटा द्यायला चाचांना कारखान्याचा टेम्पो विकावा लागला. हे सगळं माझ्यापायी झालं असं वाटून मी नोकरी सोडते म्हणून सांगायला गेले. चाचांनी चष्मा काढला. "तू सोडलीस तर माझा भाऊ खरा ठरंल. तेवढं करू नको गो."

मी रजेवर गेले तेव्हा ते स्वतः आमच्या टेबलाशी बसून खोकी चिकटवू लागले. त्यांचं एकही खोकं सरळ होत नसे. ते नमाजाला उठले की बायका त्यांची खोकी हळूच उकलून पुन्हा चिकटवत आणि ते परत आले की कामाचं कौतुक करत.

मुलगी झाल्यावर ते जित्याला आले. ओटीवर बसून चहा घेतला, बाळाला लांबूनच पाहिलं. मी म्हटलं, दोन महिन्यांत येते कामावर. त्यांना ते आवडलं नाही. रजा संपेपर्यंत कारखान्याच्या दारात दिसायचं नाही, असं त्यांनी माझ्या सासूला बजावून सांगितलं.

कारखाना तगला, पण मोठा कधीच झाला नाही. ईदला भाऊ येऊ लागले. तो विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही. गेल्या वर्षी चाचा गेले. आता त्यांचा मुलगा बघतो. त्याला कधी कुणाला काही समजावताना मी पाहिलं नव्हतं, म्हणून आम्हा सगळ्यांनाच धास्ती होती.

मध्यंतरी मोठं काम आलं आणि रात्रपाळी सुरू करायचं ठरलं. बायकांना रात्री बोलवायचं तर त्यांची संमती हवी, असा आता नियम आहे. इतर ठिकाणी सगळ्यांच्या सह्या एकदमच घेतात असं ऐकलं होतं. यानं एकेकीला आत बोलावलं. मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं.

मी म्हटलं, "नाय जमणार."

"बरं," तो म्हणाला. "चहा घेऊन जा."