रफिकभाईंचा फोन सुरतेत बंद होता

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसते. सर्व्हर सांभाळणं हा माझा धंदा... बिघाड म्हटला की लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, कारण सापडायलाच हवं! पण हे कुठल्याच लॉगमध्ये बसत नाही, म्हणून लिहितेय.

तळोद्यातल्या एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचे ऑनलाइन फॉर्म आम्ही सांभाळतो, म्हणजे मी आणि माझे पार्टनर रफिकभाई. त्या दिवशी फॉर्मची शेवटची तारीख होती, आणि रफिकभाईंना हृदयाच्या ऑपरेशनला सुरतेला नेलेलं. त्यात आदल्या दिवशीच मी सर्व्हरवर शहाणपणा केलेला. पूर्वी वेबसाइटच्या स्क्रिप्ट वेबसर्व्हरच्या पोटातच चालायच्या. मी सेफ्टी म्हणून प्रत्येक रिक्वेस्टला, म्हणजे साइटवर येणाऱ्या प्रत्येकाच्या प्रत्येक क्लिकला, नवी प्रोसेस, म्हणजे वेगळा प्रोग्रॅम सुरू होईल असं केलं. रफिकभाईंना सांगितलंही नाही — पेशंटला कशाला ताप!

दुपारी गर्दी झाली आणि लोड असा चढला की साइट आडवीच झाली. संस्थेच्या ऑफिसात बसून मी डेटाबेस तपासला, रीस्टार्ट मारले, नेटवाल्यांना शिव्या घातल्या... ढिम्म! समोर सुनीता बसलेली. तिच्या पाड्यावर रेंज नाही, म्हणून पोरगी फॉर्म भरायला सातपुड्यातून खाली आलेली. नर्सिंगला नंबर लागला होता, पण वसतिगृह नाही मिळालं तर बाप शिकायला पाठवणार नव्हता. आणि तिकडे स्टँडवर तिची परतीची शेवटची जीप भरत आलेली.

"मॅडम, होईल ना?" ती सारखी विचारायची. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात मोबाइल वाजला — रफिकभाई! हात कीबोर्डवर, म्हणून स्पीकर लावला.

"ताई, दर माणूसले नवी जीप काब्र सोडस? मोजक्या जीपा चालू ठेव. बाकीना थांबतीन."

फोन कट.

दर माणसाला नवी जीप कशाला सोडतेस... डोक्यात एकदम प्रकाश पडला. दर वेळी नवी प्रोसेस उघडण्यातच सर्व्हरचा जीव जात होता! मी मोजक्या प्रोसेस कायम चालू ठेवल्या, बाकीच्या रिक्वेस्ट रांगेत बसवल्या. लोड उतरला. सुनीताचा फॉर्म गेला, आणि ती पावती घेऊन स्टँडकडे अशी पळाली की विचारू नका.

काय माणूस आहे हा! दवाखान्यातून... मी लगेच उलटा फोन लावला. बंद. मग भाभींना लावला.

"वो तो सुबह से ऑपरेशन में हैं, बेटा," त्या रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "उनका फोन मेरे पर्स में बंद पडा है."

तो कॉल माझ्या मोबाइलमध्ये आजही दिसतो. आवाज ऑफिसातल्या सगळ्यांनी ऐकलाय. कोणी म्हणतं नेटवर्कचा घोळ. असेल बाबा!

रफिकभाई बरे होऊन शहाद्याला घरी आले, तेव्हा मी भेटायला गेले. त्या दिवसाचा विषयच काढायचा नाही, असं ठरवून गेले होते. सुनीताबद्दल तर मी त्यांच्याशी अवाक्षरही बोलले नव्हते. भाभी चहा ठेवायला आत गेल्या, तशी रफिकभाईंनी हळूच विचारलं,

"ताई, ती पोरले जीप भेटनी ना?"

"भेटनी, भाई," मी म्हणाले, आणि ढसाढसा रडले. त्यांना कसं कळलं, हे त्यांनाही सांगता येत नाही... आणि मला तर नाहीच नाही.