फोकसमामांनी लावलेला उजेड

फोकसमामा लग्नघरात शिरले की आधी तिथली ट्यूबलाइट बंद करायचे. भरल्या घरात अंधार केला म्हणून बायाबापड्या चिडायच्या. मामांना त्याचं काही नसे. "दोन रंगाचा उजेड एका तोंडावर पडला का मानूस कावीळ झाल्यावानी दिसते," एवढं म्हणून ते आपल्या कामाला लागत. मोताळ्यात हॅलोजनला सगळे फोकसच म्हणतात, त्यावरून मामांचं नाव पडलं. कॅमेरा माझा आणि उजेड त्यांचा, अशी आमची जोडी तालुक्याच्या लग्नांत चौदा वर्षं टिकली.

चेहऱ्यावर त्यांनी फोकस कधी सरळ रोखला नाही. तो भिंतीकडे फिरवायचा, नाहीतर थर्माकोलच्या पांढऱ्या पाटीवर मारायचा आणि तिथून परतलेला मऊ उजेड माणसाला द्यायचा, ही त्यांची रीत. मी घाई केली की म्हणत, "तोंडावर फोकस मारनं चोर धराले ठीक हाये बापू, नवरीले नाई." मागून एक बारका दिवा ते केसांवर ठेवत, तो नसला तर काळ्या केसांची पोरगी भिंतीत घुसते, असं त्यांचं म्हणणं.

नवरी सावळी असली तर लोक मामांनाच बोलवत. बाकीचे लाइटवाले अशा चेहऱ्यावर समोरून भडाभडा उजेड ओतायचे आणि पावडर राखेसारखी दिसायची. मामा दिवा बाजूला नेत. "सावळ्या रंगाले उजेड जास्त नाई लागत, आडवा लागते." मग गालाच्या कडेला अशी झळाळी यायची की नवरीची आई पडद्याकडे बघतच राहायची. मला ही विद्या त्यांनीच शिकवली. म्हणूनच पुढचं सांगताना मला त्यांचा रागही येतो आणि माझी लाजही वाटते.

त्यांची मुलगी रेखा सावळी होती. तिला स्थळ आलं. मुलगा पुण्यात नोकरीला, सुट्टी नाही. म्हणून त्यानं व्हिडिओ मागवला. मामांनी मला घरी बोलावलं. बघतो तर दोन्ही फोकस समोरून, खाली पांढरी चादर, दोन्ही बाजूंना थर्माकोल. केसांमागचा दिवा नव्हताच. "मामा, हे काय?" मी विचारलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक्सपोजर वाढव बापू. पोरीच्या जिंदगीचा सवाल हाये." मी वाढवलं. पडद्यावर एक गोरीपान मुलगी हसू लागली. ती कोण होती, आम्हा तिघांनाही माहीत नव्हतं.

मुलाकडची वडीलमंडळी येऊन बघून गेली होती, त्यांची काही तक्रार नव्हती. मुलानं मात्र तिला प्रत्यक्ष पाहिलं ते लग्नातच. लग्न लागलं. पुढे पाहुणे आले की तो फोनवर आमचा व्हिडिओ लावायचा, फोन रेखाच्या चेहऱ्याशेजारी धरायचा आणि विचारायचा, "सांगा, ही कोण?" पाहुणे हसायचे. सात महिन्यांनी रेखा एका पिशवीनिशी माहेरी परतली. मामांनी स्टँड आणि दिवे खाटेखाली सारले आणि लग्नांना जाणं सोडलं.

दोन वर्षांनी वरवट बकालच्या एका शिक्षकाचं स्थळ आलं. त्याचाही काडीमोड झालेला. त्यानं फक्त फोटो मागितला. मामांनी मला भर दुपारी बारा वाजता बोलावलं आणि रेखाला अंगणात उन्हात उभं केलं. ना थर्माकोल, ना कापड. "जशी हाये तशी घे. आता कोनाले फसवाचं नाई."

डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली ओठावर येते. धडधाकट माणूसही आजारी दिसतो. हे मामांइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी मी कॅमेरा उचललाच.

रेखा बापाकडे वळली. "त्या बारीले मले गोरी केलं. आज भूत करून राह्यले. तुमाले मी कशी दिसतो बाबा?"

मामा वर उन्हाकडे बघू लागले. ती आत निघून गेली. फोटो निघाला नाही, स्थळही गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात मामा बुलढाण्याला दवाखान्यात होते. छातीचं दुखणं होतं, आणि आता उतार पडणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. रेखा औषधं आणायला खाली गेली तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "तिच्या सवालाचा जवाब होता माह्याजवळ. ती माह्या मायसारखी दिसते. लई देखनी होती माही माय. तोंडातून निंगालंच नाई रे." मी म्हटलं, "तुम्हीच सांगा ना तिला." ते मान हलवत राहिले. दोन दिवसांनी गेले.

आठवड्यानं मी घरी जाऊन रेखाला ते शब्द जसेच्या तसे सांगितले. तिनं ऐकून घेतलं.

"बाबा तर भ्याले होते," ती म्हणाली. "पन कॅमेऱ्यातून तुमी पाहून राह्यले होते मले. दोन्ही बारीले. तुमी काऊन नाई बोलले?"

मी उंबऱ्यात उभा होतो. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी खाली बघत चपला शोधू लागलो.