वेडनेसडेवाल्या बाई

नलूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, ही अफवा माझ्यामुळे पसरली.

काल सकाळी बाई गेल्या. म्हणून आज लिहितो.

मोताळ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये बाई हेडक्लार्क. मी तिथं टायपिस्टच्या ट्रायलला गेलो होतो. लग्न ठरलं होतं, पण सासऱ्यांची एकच अट, जावयाला पगाराचं काम पाहिजे.

इंग्रजी मी छापील कागद पाहून पाहून एकट्यानं शिकलेलो. स्पेलिंग एकही चुकायचं नाही. पण इंग्रजी बोलणारं माणूस कधी भेटलंच नव्हतं.

आणि ही भाषा अशी, की अक्षरांना पंगतीला बसवते अन् वाढतच नाही.

जिनिंगचे मालक सेठजी, त्यांच्या केबिनचं दार उघडं. आत मुंबईच्या गिरणीचे दोन पाहुणे. बाहेर बाई पत्र सांगणार, मी टाइप करणार.

पहिल्याच ओळीत 'वेन्सडे' आलं. माझी बोटं थांबली.

बाईंनी पुन्हा सांगितलं. मी तसाच.

त्या जवळ आल्या, हळूच म्हणाल्या, "इंग्लिश कोनापाशी शिकला रे?"

"कागदापाशी, बाई. आयकलं नाही कधी."

बाई परत आपल्या जागी गेल्या.

मग खणखणीत आवाजात सुरू झाल्या.
वेडनेसडे.
फोरेइग्न.
वेइघ्ट.
ॲकनोवलेडगे.

माझी बोटं धावायला लागली. आत पाहुणे हसले. सेठजीही हसले. बाईंनी पत्र शेवटपर्यंत तसंच सांगितलं.

एक चूक निघाली नाही. काम लागलं, लग्न झालं.

आणि बाईंना 'वेडनेसडेवाल्या बाई' हे नाव पडलं. चहावालासुद्धा तोंडावर म्हणायचा. सेठजींनी मुंबईशी फोनवर बोलायचं काम त्यांच्याकडून काढून मॅनेजरला दिलं. ते काम बाईंच्या फार आवडीचं होतं.

मला राहवेना. म्हणालो, सेठजींना खरं काय ते सांगून टाकतो.

बाई फाइल बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सांगशीन तं तुह्यी ट्रायल खोटी ठरन. मले फोनपासून उठवलं, तुले कामावरून उठवतीन. गप कामाले लाग."

वर रोज डबा खाताना मला दहा शब्द बोलायला शिकवले. आज नातवंडांसमोर बिनधास्त इंग्रजी झाडतो, ते त्या डब्यावरचं.

पण लोक हसायचे तेव्हा मी मान खाली घालून बसायचो. रिटायर होईपर्यंत. नंतरही सवयीनं.

काल मयतीतही कुणीतरी तेच नाव घेतलं. प्रेमानंच घेतलं.

जिनिंगमधल्या दोस्तांनो, बाईंचं इंग्रजी आपल्या सगळ्यांपेक्षा सरस होतं. माझा संसार उभा राहावा म्हणून त्यांनी ते चारचौघांत मोडून दाखवलं.

बाई, सांगायला फार उशीर केला. माफ करा.

तुमच्या टायपिस्टचा, आणि त्याच्या बायकोचाही, शेवटचा नमस्कार.