निलंग्याचे पाहुणे येण्याआधी

नांदेडमध्ये मनाचे डॉक्टर नाहीत असं नाही. आमच्या घरापासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावरही आहेत. तरी आई मला लातूरला न्यायची, लोहा, अहमदपूर, चाकूर असे एसटीचे हादरे खात. नांदेडच्या दवाखान्याच्या जिन्यात ओळखीचं कोणी भेटलं तर काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं. लातूरचं कारण मात्र तयार होतं. तिचं माहेर लातूर जिल्ह्यातलं, देवणीचं. गल्लीत कोणी विचारलं तर ‘आजीला भेटायला’ एवढं पुरायचं. परतताना ती लातूरच्या स्टँडवर पेढे घ्यायची आणि ‘देवणीहून आणले’ म्हणून शेजारी वाटायची.

मला काय होत होतं ते सगळं मी इथे लिहिणार नाही. मी इंग्रजी शाळेत लहान मुलांना शिकवते. एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी हात बधिर झाले, श्वास अर्ध्यावर अडकायला लागला आणि आपण आता सगळ्यांसमोर पडणार असं वाटलं. तपासणीत हृदय ठीक निघालं. मग ते बाजारात होऊ लागलं, रिक्षात, पुढे घरात बसल्या जागीसुद्धा. गोळ्या सुरू झाल्यावर हळूहळू कमी झालं. मी पुन्हा शाळेत जाऊ लागले. एवढं पुरे.

त्या दिवशी बसमध्ये मी खिडकीची काच सरकवत होते, परत लावत होते. पर्सची चेन उघडत होते, बंद करत होते. आईने माझा हात धरून ठेवला.

“बस की गं नीट. किती चुळबुळ करायलीस.”

चुळबुळ कशाची ते तिलाही माहीत होतं. येत्या रविवारी निलंग्याचे पाहुणे मला पाहायला येणार होते. स्थळ मामाने आणलेलं, मुलगा बँकेत. आणि आज आई डॉक्टरांना माझ्या गोळ्या बंद करा म्हणून सांगणार होती.

“विचारतेत ते,” आदल्या दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली होती. “पोरीला काही दुखणं हाय का, काही औषध चालू हाय का, हे आता सगळेच विचारतेत. मला खोटं बोलवत न्हाई बाई. बंद झाल्या की न्हाई म्हणता येतंय.”

गल्लीभर देवणीचे पेढे वाटणारी माझी आई हे मनापासून बोलत होती. शेजाऱ्यांना काहीही सांगावं, पण लग्नाच्या बोलणीत खोटं चालत नाही, असा तिचा हिशेब. म्हणून ती माझ्या गोळ्याच बंद करायला निघाली होती. मी तेव्हा काहीच बोलले नाही. मी गप्प बसले की आई त्याला हो समजते. रोज जेवणानंतर गोळी माझ्या हातावर ठेवायची ती तिनेच. ती द्यायची थांबली असती तर मी मागून घेतली असती का, हे मला खात्रीने सांगता येत नाही.

दवाखान्यात शिरलो आणि आई दारातच थबकली. समोरच्या बाकावर आमच्या गल्लीतल्या काकू बसल्या होत्या. आमच्या घरापासून तिसरं घर त्यांचं. संक्रांतीला आई त्यांच्याकडेच सगळ्यात आधी वाण घेऊन जाते.

“अगंबाई! वैनी, तुम्ही इथं?”

“हिचे केस गळायलेत,” आई एका दमात म्हणाली. “केसांच्या डॉक्टरला दाखवायचंय.”

“हाव का? मला गुडघ्याचा त्रास.”

दोघींच्या डोक्यावर मोठी पाटी होती, मानसोपचारतज्ज्ञ. दोघींनीही तिकडे पाहिलं नाही. काकूंनी माझी वेणी हातात घेऊन बघितली.

“दाट हायत की गं चांगले.”

“मुळातून गळतेत,” आई म्हणाली.

माझा पाय आपोआप हलत होता, मी तो दुसऱ्या पायाखाली दाबून धरला. मग काकूंना हसू फुटलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, तरी खांदे हलत होते.

“वैनी, देवणीचे पेढे मग स्टँडवरचेच की. मीबी तिथलेच आणते आन् तुम्हाला उदगीरचे म्हणून देते.”

आईलाही हसू आलं, पण अर्धंच. पाहुणे रविवारी येणार होते आणि काकूंच्या जाऊबाई निलंग्याच्या. आईने मनात कुठवर हिशेब केला असेल ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

फोनवर आधीच लावलेला आमचा नंबर पुकारला आणि पाठोपाठ काकूंचाही. आमच्याकडच्या बऱ्याच दवाखान्यांत अशीच पद्धत असते. एक पेशंट डॉक्टरांसमोर खुर्चीत, पुढचा नंबर आतच, भिंतीकडच्या बाकावर. वेळ वाचतो. मागच्या माणसाला सगळं ऐकू जातं, याची फिकीर कोणी करत नाही. म्हणून मी डॉक्टरांशी नेहमी इंग्रजीत बोलत आले होते. बाकावरच्यांना कळायचं नाही. आईलाही कळायचं नाही. ती शेजारी बसून भिंतीवरचं कॅलेंडर बघायची आणि माझं झालं की तिचं सांगायची, झोपते बरी, जेवते बरी.

आज तिनेच आधी सुरुवात केली.

“डॉक्टरसाहेब, लई बरी हाय आता. शाळेत जाती, हसती, बोलती. आता बंद करा गोळ्या. रविवारी पाहुणे यायलेत.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमचं काय म्हणणं?”

वाक्य माझ्याकडे तयार होतं. अहमदपूरपासून मी ते मनात जुळवत आणलं होतं, इंग्रजीत, नीट, शाळेत उत्तर पाठ करावं तसं. पहिले दोन-तीन शब्द बोललेही. डॉक्टर मान हलवू लागले आणि आईची नजर सवयीने कॅलेंडरकडे गेली.

मी थांबले. हे असंच संपलं असतं तर डॉक्टरांनी त्यांच्या शब्दांत आईला समजावलं असतं. घरी जाऊन ती म्हणाली असती, डॉक्टरच ऐकंना झालेत, आणि गोळी द्यायची हळूच बंद केली असती. माझं म्हणणं तिच्या कानावर पडलंच नसतं. पण मराठीत बोलले तर मागे बाकावर काकू होत्या.

मी डॉक्टरांकडे पाठ होईल अशी वळले.

“आई, मला बंद नाही करायच्या गोळ्या. बंद केल्या की परत तसं होईल. मला त्याची भीती वाटते. पाहुण्यांची नाही वाटत, त्याची वाटते.”

इंग्रजीत हे किती मोठं वाटलं असतं. मराठीत ते माझ्या वर्गातल्या मुलांच्या बोलण्यासारखं निघालं. आई माझ्याकडे बघत राहिली. मग बाकाचं भान विसरून मोठ्याने म्हणाली, “मग त्यांनी विचारल्यावर काय सांगू मी?”

“घेऊ द्या, वैनी,” मागून काकू बोलल्या. “मी लेकीच्या लग्नाच्या वक्ताला बंद केल्या होत्या. मांडवात उभं राहवंना मला. लोक म्हणले, लेक चालली म्हणून रडायली.”

“काकू, तुमचा नंबर आल्यावर बोला,” डॉक्टर म्हणाले. मग आईला म्हणाले, “एकदम बंद करायच्या नसतात. कमी करायची वेळ आली की मी सांगेन. लग्न ही काही ती वेळ नव्हे.”

बाहेर पडल्यावर आई स्टँडवर पेढ्यांसाठी न थांबता सरळ बसमध्ये चढली. बस सुटली. मला वाटलं, रागावली. मग वाटलं, मीच चूक केली, आता काकूंच्या जाऊबाईंमार्फत सगळं निलंग्याला पोचणार. मी काच सरकवली, लावली, परत सरकवली.

चाकूरच्या अलीकडे आईने मोबाइल काढून मामाला फोन लावला.

“ऐक. पोरीच्या गोळ्या चालू हायत म्हणून सांगून टाक त्यांना. आत्ताच. … कसल्या म्हणजे? मनाच्या. घाबरती ती, त्याच्या. … मग यायचं तर येऊ द्या, न्हाई तर न्हाई.”

आजूबाजूची दोन-चार माणसं वळून बघू लागली. मामाचा आवाज मला फोनमधून ऐकू येत होता. “अक्का, कशाला सांगायलीस हे? स्थळ जाईल हातचं!”

“तू सांगतोस का मी सांगू?”

मामा काहीतरी बोलतच राहिला. आईने फोन कानाला घट्ट धरला होता. माझं हृदय जोरात धडधडत होतं आणि हे त्यातलंच की साधी भीती, ते मला ओळखता येईना. मी हे फक्त आईच्या कानावर घालायला निघाले होते. आता ते माझ्या पुढे, मला न विचारता, निलंग्याकडे चाललं होतं. मुलगा कसा आहे, मला तो हवा की नको, यातलं काहीच अजून कोणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

पुढच्या सीटवरची बाई अजून वळून माझ्याकडेच बघत होती. मी मान खाली घातली. पण आईला फोन ठेव म्हणाले नाही.