मासोळ्यांसाठी कूलर बंद

बाबांच्या काळ्या मोली मासोळ्यांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले, तेव्हा मी अमरावतीहून अकोल्याची पहिली एसटी पकडली. तिघींतली एक मेली होती. उरलेल्या दोघी तळाच्या गोट्यांवर अंग घासत होत्या. कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झाल्यापासून बाबांचा जीव या टाकीतच होता.

निदानाला मला पाच मिनिटं लागली: नळाचं पाणी. संध्याकाळपर्यंत पत्रक लिहून त्याच्या पाचशे प्रती काढून आणल्या. ‘जे पाणी माशाला मारतं, ते माणसाला सोडेल काय?’ बाबांच्या युनियनची पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकले; पुरावा नंतर शोधायची सवय मात्र माझी स्वतःची.

बाबांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं. "झकास आहे. पण मासोयीनं अजून वाचलं नाई."

सकाळी शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला फोटो दाखवला.

"ताई, टाकीसमोर कूलर हाये का?"

"आहे."

"मंग कूलर चालू की पाणी गार, बंद की गरम. मासोयी कमजोर पडते अन् हे बारीक किडे चिकटते. पाणी गरम ठेवा, मीठ टाका, हवेचा पंप चालू. आठ दिवस."

मी हिटर मागितला. त्यानं गल्ल्यातून मान वर केली. "मे महिन्यात? अकोल्यात? कूलर बंद करा फक्त."

पत्रकांचा गठ्ठा कोपऱ्यात गेला. भरलेली टाकी हलवली तर काच तडकते, तेव्हा सोसायचं ते माणसांनीच, असं मीच जाहीर केलं. आई पदरानं वारा घेत म्हणाली, "मासोयीसाठी माणसं उकडून राहिले तुमी." बाबा डोक्यावर ओला दुपट्टा टाकून, संपाच्या मांडवात बसावं तसे टाकीसमोर बसले.

तिसऱ्या दुपारी त्यांचा डोळा लागलेला पाहून मी कूलरच्या बटणाकडे हात नेला.

"संप फोडणारी घरातच निंगाली व माय," ते डोळे न उघडता म्हणाले.

"बंद आहे ना, ते पाहत होते."

"पाह्यलं ना? मंग बस आता."

आठव्या दिवशी ठिपके गेले. दोघी वर येऊन दाणे ओढू लागल्या. आईनं कुणाला न विचारता कूलर लावला. बाबा उठले, कोपऱ्यातला गठ्ठा आणला आणि झोत लागू नये म्हणून टाकीच्या काचेला टेकवून उभा केला. मजकुराची बाजू मासोळ्यांकडे.