सरूनं बर्फाला ओवाळलं

माझी बायको सरू गेली तेव्हा मी सावेडीला लेकीच्या घरी अंघोळीचं पाणी काढत होतो. डॉक्टर म्हणाले होते, आता बरं आहे, तुम्ही घरी जाऊन या. तेवढ्यात दवाखान्यातून जावयाचा फोन आला आणि लेक माझ्यापुढं येऊन उभी राहिली. मी विचारलं, "गेली का?" तिनं मान हलवली... पाणी बादलीत तसंच राहिलं.

भेटायला येतात ते म्हणतात, बाई देवमाणूस होती. देवमाणूस-बिवमाणूस काही नव्हती. हट्टी होती. आमटी खारट झाली तरी कबूल करायची न्हाई. पण तिचा एक हट्ट मी मोडला नाही, त्याचं सांगतो.

सरूला एकच भाऊ, बाजी. पलटणीत होता. चीनच्या लढाईत वर बर्फात गेला तो बेपत्ता झाला. मेला म्हणून कुणी सांगेना, जिता म्हणून कुणी सांगेना. आमच्याकडं जिला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. शेवगावकडच्या आमच्या गावातल्या बाया हिला म्हणायच्या, "ओवाळ चंद्राला आन् मोकळी हो." ही म्हणायची, "मला भाऊ हाय." दर भाऊबीजेला पाट मांडायची, भोवती रांगोळी काढायची, ताट वाढून दाराकडं बघत बसायची. दिवेलागणीला ते ताट मुकाट गाईपुढं ठेवायची आणि स्वतः उपाशी झोपायची. असं दहा-अकरा वर्षं चाललं. मला बघवायचं न्हाई, मी मळ्यात निघून जायचो.

बहात्तरचा दुष्काळ सरला, पुढच्या साली बाजरी बरी झाली. नगरहून यात्रेची एक गाडी काशी करून नेपाळात पशुपतिनाथाला निघाली होती. सरू म्हणाली, "अवो, तिथनं बर्फाचं डोंगर दिसत्यात म्हनं."

"डोंगरच बघायचा तर आपला गर्भगिरी काय वाईट हाय?"

"त्याच्यावर बर्फ हाय का?"

मी उठलो आणि दोघांची नावं देऊन आलो.

रक्सौलला नेपाळची हद्द ओलांडली, पुढं घाट लागला. वळणावळणाला अर्धी गाडी ओकत होती. काठमांडूत उतरलो तर तिथंही दिवाळी. त्यांच्यात एक दिवस कुत्र्यांचा असतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा, कपाळाला टिळा! मी म्हटलं, "बघ, आपल्याकडं जावयाला बी एवढा मान न्हाई." सरू पोट धरून हसली. म्हणाली, "मग फुडच्या जन्मी हितलं कुत्रं व्हा." पशुपतिनाथ केला, डोळे रंगवलेला बुद्धाचा मोठा घुमट पाहिला, राजवाड्याच्या नक्षीच्या लाकडी खिडक्या पाहिल्या. राजधानी नजर ठरणार नाही अशी होती. पण हिचं ध्यान सारखं उत्तरेला, आणि तिकडं नुसते ढग.

भाऊबीजेला पहाटे गाडीवाल्यानं आम्हाला गावाबाहेरच्या उंच डोंगरावर नेलं. उजाडलं तेव्हा मला वाटलं, आजही ढगच. मग ते ढग तांबडे झाले, पिवळे झाले, आणि पांढरेशुभ्र होऊन तिथंच उभे राहिले... बर्फच तो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रांगच्या रांग. लोक हर हर महादेव म्हणायला लागले. सरू चार पावलं पुढं गेली. मग हळूच म्हणाली, "एवढं मोठं असतंय व्हय?"

"व्हय."

"मग कुनाला सापडंल तो..."

वाटेत साऱ्या गाडीला बाजीचं ठाऊक झालं होतं. गाडीवाल्यानं तिला समजावलं, "बाई, ती लढाई इथं नाही झाली, लई लांब तिकडं पूर्वेला." ही म्हणाली, "बर्फाला काय शीव असती का?"

तिथं चहाच्या टपरीत एक नेपाळी बाई आपल्या भावाला टिळा लावायच्या तयारीत होती. त्यांच्यातही भाऊबीज असते हे आम्हाला कुठं ठाऊक! सरू तिच्याजवळ गेली. आधी तिच्या ताटाकडं बोट केलं, मग बर्फाकडं. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. त्या बाईनं हिच्या तोंडाकडं पाहिलं आणि पेटती पणती उचलून हिच्या हातात दिली. वाऱ्यानं ज्योत टिकेना, म्हणून मी धोतराचा सोगा आडवा धरला. आमच्या गाडीतली एक म्हातारी ओरडली, "अगं ये, डोंगराला काय ओवाळती? भाऊ गेला म्हनून धरलंस का काय?"

सरू म्हणाली, "व्हय मावशे. धरलं आज."

आणि ओवाळलं. तिच्या डोळ्यांत पाणी न्हाई. रडलो मी.

घरी आल्यावर तिनं तो पाट परत कधी मांडला नाही. दर भाऊबीजेला अंगणात जाऊन चारचौघींसारखी चंद्राला ओवाळायची, आत येऊन पोटभर जेवायची. वर मलाच दटावायची, "वाढा की, बघत काय बसलाय?"

यंदाची भाऊबीज तिच्या माघारी आली. बीजेची कोर लवकर मावळते, म्हणून दिवस बुडाल्या बुडाल्या मी लेकीच्या गच्चीवर गेलो. ओवाळणं माझं काम नव्हं. नुसता उभा राहिलो. बाजीला मी लग्नात पाहिलेला, तेवढाच. त्याच्याशी धड बोललोही नव्हतो. म्हटलं, "बाजी, सरू तुझ्याकडं आली हाय. तिला थंडी सोसत न्हाई. भांडली तर भांडू दे... मी येईस्तोवर सांभाळ."