केसरीनाथच्या बापाची सायकल

शेलार गावच्या केसरीनाथची ओळख लिहिणारीस झाली ती तिच्या धाकट्या भावाच्या, सावळारामच्या, सायकल दुरुस्तीच्या टपरीवर. ती दुपारचा डबा घेऊन जात असे आणि केसरीनाथची मोठी गाडी टपरीचे तोंड अडवून उभी असे. गावात त्याला शेठ म्हणतात. येथे तसे लिहिण्याचे कारण दिसत नाही. पुढील हकिगत सावळारामने सांगितली तशी आहे.

केसरीनाथच्या वडिलांना सारा गाव भाऊ म्हणे. त्यांनी जन्मभर सायकलवरून भिवंडीत दुधाचे रतीब घातले. सायकल चोरीला जाऊ नये म्हणून त्यांनी भांड्यांच्या दुकानातील कारागिराकडून घंटीच्या वाटीवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घेतले होते, जसे आपण तांब्यावर घालतो. भाऊ वारले. त्यांच्या पत्नी हौसाबाई यांना आता डोळ्यांनी फारसे दिसत नाही. त्या रोज गोठ्यात जात, तेथे उभ्या सायकलीचे हँडल चाचपत आणि घंटीवरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवीत. भाऊंची म्हणावी अशी तेवढीच वस्तू त्यांच्या हाताला उरली होती.

केसरीनाथचे कर्तृत्व एवढेच, की बापाची जमीन गोदामांच्या रस्त्याला लागून निघाली. बाकी सर्व गोदामांच्या भाड्याने झाले. सायकल तर तो भंगारवाल्याला देऊन मोकळा होणार होता. हौसाबाई चाकाला धरून बसल्या म्हणून ती राहिली. मग एके दिवशी त्याने दुसऱ्या एका गोदामवाल्याच्या दिवाणखान्यात पॉलिश केलेले बैलगाडीचे चाक मांडलेले पाहिले, आणि त्याला अचानक बाप आठवला.

वर्षश्राद्धाला सायकल फोटोशेजारी उभी करायची, असे ठरवून त्याने ती टेम्पोतून टपरीवर आणली. श्राद्ध तीन दिवसांवर होते. सावळारामने सांगितले की हँडल, घंटी आणि रिमा मिळून आठ दिवस लागतील. चपात्या गुंडाळायचा चंदेरी कागद पाण्यात बुडवून त्याने हँडलचा वीतभर भाग घासून दाखवला. तांबूस गाळ निघाला, पुसल्यावर खालचे क्रोम उजळले. जेथे गंज खोल गेला होता तेथे काळे डाग राहिले. ते राहणारच, असेही त्याने सांगितले.

केसरीनाथ हसला. "सावळा, सायकल दिली हाय, काजुकतली नाय. वर्ख कसला लावतोस?"

"कागद मऊ हाय, शेठ. गंज काढतो, क्रोमला धक्का लावत न्हाय."

"म्हणून तू अजून टपरीत हायस," केसरीनाथ म्हणाला आणि सायकल पुन्हा टेम्पोत चढवली.

त्याच्या एका गोदामात कापड रंगवण्याचा कारखाना आहे. तेथे ॲसिडची पिंपे असतात. जे पाणी कापडावरचा डाग काढते ते लोखंडावरचा गंजही काढील, हा विचार त्याला सुचला. आणि पुढचा विचार सुचणे त्याच्या बाबतीत शक्य नव्हते. त्याने सर्व भाग सुटे करवून दिवसभर पिंपात बुडवून ठेवले. गंज गेला. त्याच्याबरोबर क्रोमही गेले आणि घंटीवरचे ठिपकेही. सकाळपर्यंत उघड्या लोखंडावर पिवळा गंज नव्याने धरू लागला. तेव्हा या मोठ्या माणसाने दारे-खिडक्यांना मारतात तो चंदेरी रंग आणवला आणि बापाच्या सायकलीला फासला.

श्राद्धाला सावळारामही गेला होता. पाहुणे सायकलीपुढे उभे राहून फोटो काढून घेत होते आणि केसरीनाथ प्रत्येकाला सांगत होता की हे काम त्याने स्वतः जातीने लक्ष घालून केले. मग त्याने आईचा हात धरून तिला पुढे आणले.

हौसाबाईंनी हँडल चाचपले. घंटीपाशी येऊन त्यांचे बोट थांबले, वाटीभर फिरले, परत फिरले. त्यांनी हात काढला तेव्हा तळवा चंदेरी झाला होता. त्यांनी तो लुगड्याला पुसला.

"ही त्यांची न्हाय," त्या म्हणाल्या. "त्यांची कुठं ठेवलीस?"

केसरीनाथने हसून सांगितले की तीच आहे, फक्त नवी केली आहे. त्या भिंत धरत गोठ्यात गेल्या आणि रिकामी जागा चाचपत राहिल्या. पाहुणे ताटांकडे पाहत जेवले. त्यानंतर चार दिवस हौसाबाईंनी मुलाला हाच एक प्रश्न विचारला, आणि पाहुण्यांना सांगितलेले त्याला आईला एकदाही पटवता आले नाही.

पाचव्या दिवशी केसरीनाथ पुन्हा टपरीवर आला. गाडी आणली नव्हती. सायकल हाताने ढकलत आणली होती, आणि शर्टाच्या बाहीला रंग लागला होता. चूक झाली असे तो म्हणाला नाही. तो तसे म्हणेल अशी सावळारामचीही अपेक्षा नव्हती. सावळारामने विचारले, आता काय हवे. गेलेले क्रोम परत येत नाही, हे त्याने आधीच सांगून टाकले.

केसरीनाथने स्टँड लावला. सायकल कलली, तशी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"चकचकीत नको," तो म्हणाला. "आईला हात लावून वळखता यील, एवढी करून दे."